काळ्या कुत्र्याचा फोटो

ऊर्हो केम्पाइनेन, बस आधी. बूट राहू देत.
बर्फ वितळेल, फरशी पुसता येते.
बिस्किटांच्या डब्यातून एकशे बारा फोटो आणलेस,
फोनमध्ये आणखी किती, ते तुझ्या मुलीला ठाऊक.
केमियार्वीत डिसेंबरात दोनलाच अंधारतं.
दिवा लावायच्या आत, खिडकीपाशी,
एकदा सगळे पाहून घेऊ.

हा नको.
फ्लॅश मारलायस. डोळ्यांच्या जागी दोन हिरवी नाणी,
आणि बाकीचा पिकी? भिंतीला पडलेलं भोक.
काळ्या कुत्र्याचं हे असंच.
उजेड कमी पडला की कुत्रा जातो, आकार उरतो.

हाही नको. उभ्यानं काढलास,
म्हणून डोकं भोपळ्याएवढं आणि पाय उंदराचे.
रागावू नकोस, सगळे असंच करतात.
गेल्या महिन्यात रोवानिएमीच्या एका बाईनं
मांजराचे चाळीस फोटो पाठवले,
चाळीसच्या चाळीस वरून.
मी काय चितारू, पाठ?

हा पदकाचा. छान आहे, घरात लाव.
पण इथे तो तुझ्याकडे पाहत नाही,
परीक्षकाच्या खिशातल्या सॉसेजकडे पाहतोय.
मी हा चितारला तर भिंतीवरून जन्मभर
परक्याच्या खिशाकडे पाहत राहील.

आणि हा ऑक्टोबरातला, पशुवैद्याच्या दारातला,
डब्याच्या पार तळाशी, उलटा ठेवलेला.
तो तसाच ठेव. झाकण लाव.

मग राहू दे, म्हणालास तू.
टोपी उचललीस.
दाराशी फोन चाळत, स्वतःशीच पुटपुटलास:
मार्चमध्ये बर्फावरची स्कूटर विकायला काढली होती,
तिचेच दहा फोटो, कुत्र्याचा धड एक नाही.

थांब. ते दाखव.

स्कूटरचा पट्टा दिसावा म्हणून
तू बर्फात गुडघे टेकले होतेस.
आभाळ भरलेलं, सावली कुठेच नाही,
बर्फाचा उजेड खालून हनुवटीत शिरलेला,
आणि डाव्या कोपऱ्यात, कुणी न बोलावता,
पिकी.
तुझ्या नाकाच्या उंचीवर त्याचं नाक.
मिशीचा केस न् केस मोजावा.
फाटका कान अख्खा चौकटीत.
बुबुळ तपकिरी.
तू म्हणालास, काळं होतं.
तपकिरी, ऊर्हो. बारा वर्षं तपकिरी.

बोटांनी मोठा करून पाहिला.
उजव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका, ते आभाळ.
त्याखाली काहीतरी गडद, ओणवं,
लाल टोपी घातलेलं.
कोण ते मी बोलले नाही.
तू हातातल्या टोपीकडे पाहिलंस,
चष्मा पुसलास, पुन्हा पुसलास,
मग विचारलंस, स्कूटर काढून टाकता येईल ना?
येईल.
सोदान्क्युलाच्या माणसानं घेतली, म्हणालास,
भाव पाडून.
आणि कान?
तो मी शिवून देऊ का चित्रात, विचारलं मी,
बरेच जण सांगतात तसं.
कानाला शिवूसुद्धा नकोस, म्हणालास.

आता राहिला रंग.
फोनचा पडदा काळ्याला निळं करतो,
छापला की कागद लालसर करतो.
खरा काळा मी कुठून आणू?
पुढच्या मंगळवारी तू आलास
काखेत स्वेटर घेऊन. करडा, लोकरीचा.
धुतलेला नाही, म्हणालास,
पोलिसापुढे कबुली द्यावी तसा.
कोपराशी विणीत अडकलेले केस
मी खिडकीच्या उजेडात धरले.
टोकाला तपकिरी, मध्ये डांबर,
मुळाशी जवळजवळ राखेचे.
पिकी म्हणजे डांबरच ना?
मधल्या बोटभर केसापुरतं नाव बरोबर होतं.

नमुन्याला म्हणून मी चिमटा घेतला,
एकेक केस ओढून कागदावर मांडू लागले.
तू पाहत होतास. मग हात पुढे केलास.

तीन पुरेत, म्हणालास.
बाकीचे असू देत.